डॉलर माझा, नाव त्याचं

त्या माणसाचा विषय निघाला की आमच्या ऑफिसात आजही कोणीतरी म्हणतंच, "विचित्र होता, पण कधी खोटं नाही बोलला." हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. खोटं बोलत नव्हता, कबूल. पण एक अक्षरही खोटं न बोलता दुसऱ्याची वाट कशी लावायची, हे कोणाला शिकायचं असेल तर त्याने त्याच्याकडे शिकवणी लावायला हवी होती.

मी पवईच्या त्या ऑफिसात लागले तेव्हा तो तिथला सगळ्यात जुना माणूस. पंचेचाळिशीचा असेल. एसी चालू असो नाहीतर बंद, अंगात बिनबाह्यांचा चॉकलेटी स्वेटर. डब्यात घडीच्या पोळ्या आणि एकच भाजी, आणि ती संपेपर्यंत कोणाकडे मान वर करून बघणं नाही. बाकी आम्ही सगळे एकमेकांना अरे-तुरे करायचो, यार-बीर म्हणायचो. त्याला मात्र तोंडावर सर आणि पाठीमागे नुसतं 'तो'. 'तो आलाय का' एवढं म्हटलं की पुरायचं.

त्याची खासियत एकच. विचारलं तेवढंच सांगायचं. त्याच्या पुढे एक शब्द नाही. त्याचं म्हणणं असं होतं की अर्धा प्रश्न विचारायचा आणि पूर्ण उत्तराची वाट बघायची, ही लोकांना लागलेली खोड आहे आणि ती त्याने का चालवून घ्यावी. "मला माहीत नाही असं नाही, तुम्ही विचारलं नाही," हे त्याचं पेटंट वाक्य. बोलताना चेहऱ्यावर ना हसू, ना आठी. चिडणाऱ्याने चिडायचं तरी कशावर?

एकदा टीमची पिकनिक मनोरीला निघाली. हा दर रविवारी मार्वेहून बोट पकडून मनोरीला जायचा, तिथल्या धक्क्यावर बसायचा आणि परत यायचा. का जातो ते देवाला ठाऊक. म्हणून आम्ही मोठ्या विश्वासाने त्याला विचारलं, सर, तिकडे मासळीचं जेवण मिळतं का? मिळतं, म्हणाला. घर कुठलं? तेही सांगितलं. आम्ही सकाळपासून उपाशी, पोटात कावळे ओरडतायत, उन्हातून त्या घराशी पोचलो. तर तिथली बाई आम्हालाच बोलली. आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तरच ती मासळी आणते, आयत्या वेळी आलेल्यांना काय घालणार? आम्ही सगळे वळून त्याच्याकडे बघतोय आणि हा नारळाच्या झाडाखाली बसून पिशवीतून डबा काढतोय. घडीच्या पोळ्या, एक भाजी. आमच्यातला एक जण म्हणाला, सर, सांगायचं ना. त्याने घास गिळला, मग म्हणाला की मिळतं का ते विचारलं होतंत, कसं मिळतं ते नाही. आम्ही वेफर्स खाऊन परत आलो आणि पुढे महिनाभर हा किस्सा हसत हसत सांगत फिरलो. मीसुद्धा हसले. मला काय माहीत पुढे काय वाढून ठेवलंय.

खरं तर ऑफिसात याच स्वभावाचा दबदबा होता. एका मोठ्या गिऱ्हाइकाने भर मीटिंगमध्ये विचारलं होतं, आमची माहिती तुमच्याकडे सुरक्षित आहे का, आणि हा म्हणाला होता, अजून नाही. सेल्सवाल्यांचे चेहरे पांढरेफटक. पण गिऱ्हाईक खूश झालं, म्हणालं, एक तरी खरं बोलणारा भेटला. तेव्हापासून आमचा मॅनेजर त्याला प्रत्येक मीटिंगला शेजारी बसवायला लागला. मॅनेजर महाहुशार. गोड बोलणारा, आम्हा सगळ्यांना 'चॅम्प' म्हणणारा. या माणसाला काय विचारायचं आणि त्याहून जास्त काय विचारायचं नाही, हे त्याला बरोबर कळलं होतं. सोयीचा प्रश्न टाकायचा, खरं उत्तर घ्यायचं आणि पुढचा प्रश्न कोणी विचारायच्या आत विषय बदलायचा. खोट्याला पकडता येतं हो. असलं खरं कसं पकडणार?

आता डॉलरचं प्रकरण सांगते, त्याशिवाय माझा राग कोणाला कळायचा नाही.

आमचं सॉफ्टवेअर डायलिसिस सेंटरांसाठी होतं. कोणत्या पेशंटची पाळी कोणत्या वारी, कोणत्या मशीनवर, हे सगळं त्यात. ते तपासायला आम्ही 'चाचणी' नावाचं एक खोटं सेंटर केलं होतं. त्यात खोटे पेशंट भरा, पाळ्या लावा, बघा, पुसून टाका, परत भरा. हे रोज हाताने कोण करणार, म्हणून एक टूल होतं. हुकूम एका फाइलीत ओळीने लिहून ठेवायचे, कामाचं नाव दिलं की टूल ते सगळे पार पाडतं. हुकमात सेंटरचं नाव लागतं, पण ते प्रत्येक ओळीत लिहीत बसायचं नाही, त्या जागी व्हेरिएबल ठेवायचं. म्हणजे रिकामी जागा, आयत्या वेळी भरणारी. ती भरायच्या दोन तऱ्हा. महिरपी कंसात ठेवली तर फाइलीच्या डोक्यावर जे नाव लिहिलंय ते टूल स्वतः, हुकूम सुटायच्या आधी, तिथे घालतं. हे टेम्प्लेटचं व्हेरिएबल. आणि डॉलरचं चिन्ह लावून ठेवली तर टूल तिला शिवतसुद्धा नाही. हुकूम तसाच मशीनकडे, म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर फाइल चालतेय त्याच्याकडे, जातो आणि मशीन स्वतःच्या गाठीला जे नाव असेल ते वापरतं. हे एन्व्हायर्नमेंटचं व्हेरिएबल. लग्नाच्या पत्रिकेवर नवऱ्याचं नाव छापून पाठवणं वेगळं आणि हॉलच्या दारातल्या माणसाला 'नवरा कोण' विचारणं वेगळं. दारातला माणूस बोट दाखवेल त्याच्या गळ्यात हार.

आमच्याकडची पद्धत याच माणसाने घालून दिली होती. खऱ्या सेंटरचं नाव फाइलीत कधीच लिहायचं नाही, ते फक्त मशीनच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये. चांगली पद्धत आहे, मी नाही म्हणत नाही. पण कोणत्या मशीनच्या गाठीला आत्ता कोणतं नाव आहे, हे फक्त त्याला ठाऊक. आणि त्याला ठाऊक म्हणजे कोणालाच नाही.

मी तेव्हा प्रोबेशनवर होते. कन्फर्म व्हायला थोडेच दिवस उरले होते. माझे वडील जालन्याकडून आलेले, बोरिवलीत वायरिंगची कामं करायचे. आमच्या घरात कॉम्प्युटरवर पोट भरणारी मी पहिली. आधीची कंपनी बंद पडली तेव्हा कित्येक महिने मी घरात बसून होते, आणि शेजारच्या बायका आईला विचारायच्या, अजून नाही का लागलं कुठे? ही नोकरी माझ्यासाठी नुसती नोकरी नव्हती. इथून काढलं असतं तर दुसरीकडे मला उभं कोणी केलं नसतं.

तर ती पुसायची फाइल मला नव्याने लिहायला दिली. माझ्या आधीच्या कंपनीत असलं टूल नव्हतं, साध्या स्क्रिप्टा होत्या, आणि त्यांत जिथे तिथे डॉलरच. हाताला तीच सवय. फाइलीच्या डोक्यावर मी सेंटरचं नाव 'चाचणी' असं नीट लिहिलं आणि खाली पुसायच्या हुकमात सवयीने डॉलर लावून मोकळी झाले. तरी मनात पाल चुकचुकली. म्हणून लॅपटॉप घेऊन त्याच्या टेबलापाशी गेले, ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं की सर, या फाइलीत असा डॉलर लिहिता येतो ना? त्याने ओळ वाचली. अख्खी वाचली, मी त्याच्या डोळ्यांकडेच बघत होते. येतो, म्हणाला. मी थँक्यू म्हणून आले.

बुधवारी संध्याकाळी मी ती फाइल चाचणीच्या मशीनवर चालवली. मशीनच्या गाठीला काहीच नसतं तर नुसती एरर आली असती, मी कपाळावर हात मारला असता आणि विषय संपला असता. पण तिथे मुलुंडच्या सेंटरचं नाव होतं. खऱ्या सेंटरचं. माझ्या फाइलीने मुलुंडच्या सगळ्या पाळ्या पुसून टाकल्या.

गुरुवारी सकाळी मुलुंडहून फोन आला. पाळ्या गेल्याचं कळताच मॅनेजरने रात्रीच घाईघाईत जुना बॅकअप चढवला होता आणि सगळं ठीक आहे असं सेंटरला सांगूनही टाकलं होतं. पण बॅकअप आठवड्यातून एकदाच व्हायचा. मधल्या दिवसांत ज्यांच्या पाळ्या बदलल्या होत्या ते लोक सेंटरवर गेले तर स्क्रीनवर त्यांची नावंच नाहीत. तुमची पाळी उद्या दाखवतेय म्हणून त्यांना परत पाठवलेलं. ज्या माणसाचं रक्त मशीनने धुवावं लागतं त्याला उद्या या म्हणायचं! मग सेंटरकडून नंबर घेऊन पेशंटांना एकेक फोन लावायचं ठरलं. मी आणि तो एका टेबलाशी बसलो, मध्ये स्पीकरचा फोन.

तो प्रत्येकाला एकच विचारायचा, तुमची पाळी कोणत्या वारी? उत्तर मिळालं की धन्यवाद, आणि फोन बंद. पटापट चालला होता. भांडुपच्या एका बाईने उचलला. म्हणाली, गुरुवार, आज सकाळचीच होती, पण साहेब ह्यांना... एवढ्यात याने धन्यवाद म्हणून बटण दाबलं आणि पुढचा नंबर फिरवायला घेतला.

 मी त्याच्या हातून फोन ओढला, अक्षरशः ओढला, आणि त्या बाईला परत लावला. ती रडकुंडीला आली होती. नवऱ्याला सकाळी परत पाठवलं, दुपारपासून त्याला धाप लागलीय, आडवं होता येत नाही, पाय सुजून हे एवढे झालेत, आणि हे कोणाला सांगायचं तेच तिला कळत नव्हतं. मी तिला तसंच धरून ठेवलं आणि दुसऱ्या फोनवरून मुलुंडच्या सिस्टरना सांगितलं. त्यांनी लगेच बोलावून घेतलं, होतं ते मशीन रिकामं करून दिलं. तो गृहस्थ वाचला. सिस्टर नंतर म्हणाल्या की अजून उशीर केला असता तर कठीण होतं.

मी फोन ठेवला. त्याला म्हटलं, ती 'पण' म्हणाली होती, ऐकलं नाहीत? म्हणाला, ऐकलं, पण आपल्याला वार हवा होता. मी त्या दिवशी त्याला हात जोडले आणि उरलेले फोन एकटीने केले. एकेक फोन लांबला. लोक वार सांगून थांबत नाहीत, ते जावयाचं सांगतात, गुडघ्याचं सांगतात, कोणत्या सिस्टरची सुई दुखत नाही तेही सांगतात. मी सगळं ऐकून घेतलं. मला त्या दिवशी कोणाचंही अर्धं वाक्य सोडायची भीती वाटत होती.

शुक्रवारी डायरेक्टर मॅडमनी मीटिंग बोलावली. मॅडम, मॅनेजर, तो आणि मी. जाण्याआधी मॅनेजर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, चॅम्प, वाद घालू नकोस, सॉरी म्हणून टाक, मी बघतो. तो काय बघणार होता ते मला दिसत होतं. माझ्या डोक्यावर खापर फुटलं की सगळे मोकळे.

मीटिंगमध्ये मॅनेजरने आपला हुकमी पत्ता काढला. मॅडमसमोर त्याला विचारलं, ही फाइल कोणी लिहिली? हिने, तो म्हणाला. पुसायच्या हुकमात डॉलर कोणी लावला? हिने. तिथे महिरपी कंस हवा होता ना? हो. सगळं खरं. मॅनेजरने मॅडमकडे बघून हात असे पसरले, जणू त्याला फार वाईट वाटतंय. मॅडम माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या की प्रोबेशनमध्येच असं झालं तर कंपनीला विचार करावा लागेल.

मी त्याच्याकडे बघितलं. तो समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसला होता, शांत. आणि माझं डोकं जे सटकलं. मुलुंडचं नाव त्या मशीनच्या गाठीला आपोआप थोडंच आलं होतं? कोणीतरी ठेवलं होतं. पुढचं काही मला माहीत नव्हतं, पण याला माहीत असणार, आणि मागितल्याशिवाय हा देणार नाही, हे मी भांडुपच्या फोनवर शिकले होते.

मी मॅडमना म्हटलं, मला सरांना काही विचारायचंय. मॅनेजर म्हणाला, आता कशाला, झालंय ना क्लिअर. मॅडम म्हणाल्या, विचारू दे.

"चाचणीच्या मशीनमध्ये मुलुंडचं नाव कोणी ठेवलं?"

"मी."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

त्याने ग्लासावरून नजर उचलली आणि मॅनेजरकडे बोट केलं. "यांच्या."

"कशासाठी?"

"मुलुंडच्या डॉक्टरांना डेमो होता. खरे पेशंट दिसले पाहिजेत म्हणाले. मी म्हटलं, हे मशीन चाचणीचं आहे, इथे खरं नाव ठेवणं धोक्याचं आहे. हे म्हणाले, ठेव."

"आणि डेमो झाल्यावर ते काढलं का नाही?"

"काढू नकोस म्हणाले. परत लागेल."

 मॅनेजर संदर्भ वेगळा होता वगैरे म्हणायला लागला. मॅडमनी त्याला थांबवलं आणि मला म्हणाल्या, तू जा बाहेर. आवाज बदललेला होता.

बाहेर पॅसेजमध्ये मी त्याची वाट बघत उभी राहिले. तो आला, स्वेटर खाली ओढत, नेहमीच्या चालीने. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला तू म्हटलं. म्हटलं, तुला हे सगळं बुधवारपासून माहीत होतं. माझी नोकरी जात होती. मी काल बाथरूममध्ये जाऊन रडले, तू बघितलंस माझे डोळे. मी तुला ती ओळ दाखवली तेव्हाच तुला कळलं होतं ना की डॉलर मशीनचं नाव घेणार?

कळलं होतं, म्हणाला. पण मी ती कोणत्या मशीनवर चालवणार ते सांगितलं नव्हतं, त्याला वाटलं माझ्या लॅपटॉपवर चालवीन, आणि लॅपटॉपच्या गाठीला काहीच नव्हतं. एवढं बोलून तो थांबला. माझा पुढचा प्रश्न येईल म्हणून थांबला होता, हे मला समजलं आणि आणखीच संताप आला.

"आणि आत मी विचारलं नसतं तर?"

"तर नसतं सांगितलं."

त्याने हे ज्या सहजपणे म्हटलं ना, त्यात खुन्नस नव्हती, लाज नव्हती, काहीच नव्हतं. कोणी 'पंखा लावू का' विचारावं आणि आपण 'नको' म्हणावं, तसं. मी म्हटलं, माणसाला विचारावं लागत नाही रे, दुसरा बुडताना दिसला की माणूस आपणहून ओरडतो. त्याने घड्याळ बघितलं. मग जेवायची वेळ झालीय म्हणाला आणि डबा घ्यायला गेला.

मॅनेजरची पुढे दुसऱ्या टीमवर रवानगी झाली. वरच्या लोकांचं एवढंच होतं, त्यांची रवानगी होते, आपली हकालपट्टी. बॅकअप रोजचा झाला. मशीनवर कोणतं नाव आहे ते टूल आता आधी मोठ्या अक्षरात दाखवतं आणि मगच पुढे जातं, ते मीच बसवलं. तो वर्षभराने सोडून गेला. निरोपाच्या केकपाशी सगळे त्याच्या खरेपणाचे किस्से सांगत होते, मनोरीचा तर सांगितलाच, आणि माझा किस्साही कोणीतरी काढला. काय मर्द माणूस, मॅनेजरच्या तोंडावर बोट दाखवून सांगितलं, म्हणाले. मी केक घेतला नाही. टाळ्या पण वाजवल्या नाहीत.

मला अजून कोणी कोणी सांगतात की थोडी कृतज्ञता ठेव. कन्फर्मेशन झालं त्या रविवारी तर घरातच सुरू झालं. आईने शेजारीपाजारी पेढे वाटले, आणि दुपारी भाजी निवडता निवडता म्हणाली की त्या सरांना एकदा जेवायला बोलव गं, एवढ्या मोठ्या माणसासमोर तुझ्या बाजूने बोलले, नोकरी वाचवली तुझी, असं विसरू नये.

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. मी आईवर कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढला.

"त्यांनी नाही वाचवली, आई. मी विचारलं."